चार पट्ट्या खाली

एप्रिल अर्धा झाला की अवसरी खुर्दच्या रस्त्याला इंजिनिअरिंगची पोरं-पोरी दिसायला लागतात. काखेत काळ्या बांधणीचे, सोनेरी अक्षरांचे प्रोजेक्ट रिपोर्ट, डोळे लाल आणि तोंडात एकच शब्द, सबमिशन. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कांदा काढणी चाललेली असते. बायका ओळीनं बसून विळ्यानं पात कापत असतात आणि ऊन चढेल तसा तो तिखट, उष्ण वास हवेत चढत जातो. पुण्याहून गावाकडं जाताना या पट्ट्यात मी गाडीची काच खाली करते. कांद्याचा वास आणि सबमिशन या दोन गोष्टी दुसऱ्या कुणाच्या डोक्यात एकत्र नांदत असतील असं वाटत नाही. माझ्या नांदतात. आणि त्यांच्या मागोमाग बेंजो वाजायला लागतो.

माझ्या वेळी अवसरीला कॉलेज नव्हतं. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं, मी पुण्यात हॉस्टेलवर राहून शेवटच्या वर्षाला होते आणि शनिवारी एसटीनं मंचर, तिथून वडापच्या जीपनं पारगावच्या अलीकडच्या आमच्या गावी यायचे. कारखान्याचा गळीत हंगाम संपत आलेला असायचा. ऊसतोड्यांच्या बैलगाड्या परतीला लागलेल्या, रस्त्यावर उसाची चिपाडं, आणि वारा फिरला की मळीचा आंबूस वास. जीप गावाच्या कमानीपाशी थांबली की विहाराच्या बाजूनं ढोलकी ऐकू यायची. एप्रिल म्हणजे आमच्याकडं जयंतीचा महिना, तालमींचा महिना.

आमच्या घरात गायन पार्टी होती. आजोबांनी उभी केलेली. छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन ते परतले तेव्हा त्यांच्याजवळ एक पांढरं धोतर आणि डोक्यात चार गाणी होती, असं घरात सांगत. पुढं ती चाळीस झाली. त्यातलं एक गाणं तर गावोगाव लोक उभं राहून ऐकायचे. ‘ओंजळ नको गं, हंडा घे’. पाणवठ्यावर वरून ओंजळीत पाणी ओतून घेणाऱ्या बाईला उद्देशून ते होतं, आणि ‘हंडा’ या शब्दावर चाल एकदम वर उडी मारायची. आजोबांनी ती उडी मुद्दाम ठेवली असणार. भरलेला हंडा डोक्यावर चढवताना अंगातून जो जोर निघतो तोच तिथं होता.

आजोबांच्या पश्चात पार्टीत पुढं बसून गायची ती माझी आत्या, शेवंता. दिवसा अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढायची, संध्याकाळी पार्टीत गायची. तिचं लग्न मोडलं होतं. त्याबद्दल घरात कुणी बोलत नसे आणि ती स्वतः मात्र कुणीही विचारलं तरी खडखडीत बोलत असे. “नवरा म्हनला गानं सोड. मी म्हनलं, बरं, नवराच सोडते.” बाई पार्टीत पुढं बसते हे तालुक्यात पुष्कळांना खपायचं नाही. पण तिनं तो ‘हंडा’ उचलला की खपवून घेण्यावाचून इलाज राहायचा नाही. आवाज काचेसारखा होता. उन्हात धरलेल्या काचेसारखा, बघणाऱ्यानं डोळे बारीक करावेत असा.

मी तिसऱ्या वर्षाला असताना तिच्या गळ्यात गाठ आली. ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली, घरानं सुटकेचा श्वास टाकला. आवाजात थोडा फरक पडू शकतो हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. थोडा म्हणजे किती, ते आम्हाला पुढच्या जयंतीला कळलं. बोलताना आवाज जाड झाला होता, त्याची सवय होत होती. पण मांडवात ती गायला बसली, पहिलं कडवं निभावलं, आणि ‘हंडा’ आला तिथं आवाज चढलाच नाही. मधल्या पायरीवर फाटला. क्षणभर नुसती ढोलकी वाजत राहिली. मागून कुणीतरी हसलं. आत्यानं डोळे मिटले, शब्द बोलल्यासारखा म्हणून टाकला आणि गाणं पुरं केलं.

दुसऱ्या दिवशी विहारात पार्टी बसली. आमच्या पार्टीत पेटी नव्हती, बेंजो होता. टाइपरायटरसारख्या बटणांचा, नखी मारून वाजवायचा, आणि त्याची वायर थेट ॲम्प्लिफायरला जोडलेली. तो वाजवायचे मोहनतात्या, माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. पार्टीत त्यांचा शब्द शेवटचा. ते म्हणाले, “शेवंते, वाईट वाटून घेऊ नगं. पुढं प्रल्हादला गाऊ दे. तू कोरसला बस.”

प्रल्हाद म्हणजे त्यांचा मुलगा. त्याचा गळा वर छान जायचा.

“मी खालच्या पट्टीत गाईन की तात्या,” आत्या म्हणाली.

“पार्टीची पट्टी काळी चार हाय. तुज्या बापानं लावलेली. बेंजोच्या तारा उतरवल्या की ढिल्या पडत्यात, खर्र वाजत्यात. एका मान्सासाठी सगळा बेंजो खाली आनू व्हय?”

आत्या कोरसला जाऊन बसली. खंजिरी हातात घेतली. मी तिच्याकडं बघत होते, ती माझ्याकडं बघत नव्हती. त्या दिवशी मी ठरवलं की माझा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट हाच. माइकमधून गाणाऱ्याचा आवाज आत घ्यायचा आणि गाता गाताच, तिथल्या तिथं, वर चढवून स्पीकरमधून बाहेर सोडायचा. आत्याला काळी चारला नेऊन बसवायचं. मांडवात हसणाऱ्याचं तोंड बंद करायचं.

कॉलेजात आमच्या सरांनी माझ्या प्रोजेक्टचा कागद बाजूला सारला. “सगळे रेल्वे रिझर्व्हेशन करतायत, लायब्ररी करतायत. तू गाण्याचं काय काढलंस?” मी सांगितलं. ते हसले. वाईट हसले असं नाही, पण म्हणाले, “तुमच्याकडे गाणंबजावणं असतंच. इथं तरी दुसरं काही कर.”

त्या ‘तुमच्याकडे’मध्ये केवढं अंतर होतं ते त्यांना ऐकू आलं नसेल. मला आलं. वर्गात ते रोज ऐकू यायचं, वेगवेगळ्या आवाजांत. कधी कौतुकाच्या, कधी सवलतीच्या, कधी नुसत्या उसाशाच्या. मी म्हणाले, “सर, करीन तर हेच.”

“आपल्या लॅबमधल्या मशीनवर रिअल टाइम होत नाही. आवाज येईपर्यंत गाणारा घरी जाईल.”

“मग मी त्याच्या घरापर्यंत नेते.”

हे उत्तर शहाणपणाचं नव्हतं. पण तेव्हा माझ्याजवळ शहाणपणापेक्षा रागच जास्त होता, आणि राग हे वाईट इंधन आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी बहुधा त्यावर कधी काही शिजवलेलं नसतं.

आवाज वर चढवणं सोपं आहे. कॅसेट वेगानं फिरवली की आवाज चढतोच, आपण सगळ्यांनी लहानपणी ते करून हसून घेतलंय. पण वेगानं फिरवलेलं गाणं लवकर संपतं. समोर माणूस गात असताना त्याच्या आधी तुम्ही संपू शकत नाही, त्यानं अजून न गायलेलं आणणार कुठून? म्हणजे आवाज चढवायचा, पण घाई करायची नाही. माझं सगळं वर्ष या एका वाक्यात गेलं.

कॉम्प्युटरला आवाज म्हणजे आकड्यांची रांग. मी ती रांग गोल केली. एक हात आकडे लिहीत पुढं जातो, मागून दुसरा हात ते वाचत येतो. वाचणारा जरा वेगानं वाचू लागला की आवाज चढतो, पण लवकरच तो लिहिणाऱ्याला गाठतो. गाठण्याआधी त्यानं मागं उडी मारायची आणि थोडंसं पुन्हा वाचायचं. त्या उडीच्या जागी ‘टक’ असा आवाज यायचा. सेकंदाला कितीतरी टक. आत्याच्या कॅसेटवरचा आवाज मी त्यातून काढला तेव्हा ती भाजत्या लाह्यांत बसून गातेय असं वाटलं. मग मी वाचणारे हात दोन केले. एक मंदावत जातो तेव्हा दुसरा उमलत येतो, म्हणजे सांधा दिसत नाही. टक गेलं, पण आता आवाज थरथरायला लागला, टेबलफॅनसमोर तोंड धरून बोलल्यासारखा. लाटेच्या मध्येच उडी मारली की असं होतं. लाट जिथून निघाली तशाच दुसऱ्या लाटेच्या सुरुवातीला जाऊन उतरावं लागतं. अशी जागा दर वेळी शोधायची, आणि गाणाऱ्याला कळायच्या आत शोधायची.

हॉस्टेलवर माझ्या मैत्रिणीच्या भावानं जुने भाग जोडून दिलेला एक कॉम्प्युटर होता. झाकण उघडंच असायचं, आत धूळ आणि एक गरगरणारा पंखा. लॅबमध्ये मुलांचा रेल्वे रिझर्व्हेशनचा प्रोजेक्ट एकाच्या सीडीवरून दुसऱ्याच्या सीडीवर जायचा. मी हेडफोन लावून बसलेली असायचे आणि कुणी विचारलं, “झालं का गं तुझं गाणं?” तर मान न वळवता म्हणायचे, “होतंय.” वर्षभरात मी हा एकच शब्द सगळ्यात जास्त वेळा उच्चारला असेन.

शिमग्याच्या सुट्टीत तो कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून, मॉनिटर मांडीवर घेऊन मी जीपनं गावी आले. दुपारी लाइट होती तेवढ्यात सगळं जोडलं. आत्या अंगणवाडीतून आली होती, हातपाय धुऊन समोर बसली. मी तिच्या हातात माइक दिला, एक हेडफोन तिच्या कानाला लावला, एक माझ्या. “गा.”

तिनं गुणगुणायला सुरुवात केली. आकडा चार पट्ट्या वर ठेवलेला. ‘हंडा’ आला, ती आपल्या नव्या जाड आवाजात जेमतेम जिथं पोचत होती तिथं पोचली, आणि हेडफोनमध्ये तो शब्द सरळ काळी चारच्या वरच्या सुरावर जाऊन उभा राहिला. बरोब्बर. मी जवळजवळ ओरडले.

आत्यानं हेडफोन काढून मांडीवर ठेवला. “ही कोन पोरगी?”

“तूच आहेस आत्या.”

“मी न्हाई.” तिनं पुन्हा लावून ऐकलं, पुन्हा काढलं. “लई बारीक हाय. बाहुलीवानी. माजा चांगला व्हता तवा बी असा नव्हता.”

ती बरोबर सांगत होती. नुसता सूर चढत नाही, त्याच्याबरोबर गळ्याची-तोंडाची पोकळीही लहान होते, मोठ्या बाईची लहान मुलगी होते. मी म्हणाले, “त्याच्यावर पण उपाय आहे. मला अजून थोडा वेळ दे, मी आवाज नीट करते.”

तेव्हा ती चिडली. आत्या चिडली की आवाज चढायचा पूर्वी. आता उलट खाली जायचा, आणि ते जास्त भीतिदायक होतं. “नीट करते म्हंजी? त्याला झालंय काय? खाली गेलाय, मेला न्हाई. मी रोज ह्याच्यात बोलते, पोरांना हाका मारते, तुज्या आजीला औषध पाजते. सगळ्यांना चालतो. आन गायला बसले की ह्यो आवाज खराब! तात्या म्हनतो मागं बस, तू म्हनतीस वर चढ. तुमाला दोघांना बी मी हाय तिथं नगो हाय.”

आईनं चहा आणला, तो निवला. मी सगळ्या वायरी काढल्या. मला रडू येत होतं आणि संतापही येत होता, तिच्यासाठीच केलं आणि तिनंच झिडकारलं याचा. आईनं परत जाताना डब्यात पुरणपोळ्या दिल्या, त्या मी हॉस्टेलवर कुणाला न देता एकटीनं खाल्ल्या.

पण वाक्य डोक्यातून जाईना. खाली गेलाय, मेला नाही. आठवडाभर मी मशीनसमोर बसून काहीच केलं नाही. मग एका सकाळी, चाचणीसाठी म्हणून, चारच्या आधी उणे चिन्ह घातलं. कॅसेटवर आमच्याच पार्टीचं गाणं होतं, सुरुवातीला बेंजोचा लांब तुकडा. तो चार पट्ट्या खाली वाजायला लागला. काळी चारवरून, काळ्या-पांढऱ्या मिळून चार पट्ट्या मोजत, पांढरी तीनवर. जाडसर, भरदार, पण बेंजोच. बाहुली नाही, भूत नाही. मी त्याच्याबरोबर ‘हंडा’ म्हणून बघितला. माझा गळा गाण्याचा नव्हेच, पण तोही पोचला.

गणित तेच होतं. कोणाला हलवायचं, एवढंच मी कधी विचारलं नव्हतं. जे जिथं आहे त्याला आपण हलवत नाही, ते आधीपासून आहे म्हणून. बेंजो काळी चारवर आहे, म्हणून बाईनं चढायचं. सगळीकडं असंच असतं. कॉलेजची भाषा एका पट्टीत असते आणि गावाकडची पोरगी रोज सकाळी उठून गळा ताणते. कुणाला वाटतच नाही की पट्टी ही लावलेली गोष्ट आहे, कुणीतरी एका दिवशी लावलेली, आणि उतरवताही येते. त्या सकाळी मला वाटलं. आणि एकदा वाटल्यावर मी पुन्हा कधी कुणासाठी गळा ताणला नाही.

मोहनतात्यांना पटवणं हे प्रोग्रॅमपेक्षा अवघड होतं. रविवारी दुपारी विहारात मी सगळं मांडलं. त्यांचा बेंजो, त्याची वायर माझ्या कॉम्प्युटरला, तिथून ॲम्प्लिफायरला. “तात्या, तुमच्या तारांना हात लावत नाही. तुम्ही वाजवता तसंच वाजवा. आवाज तेवढा खाली येईल.”

“म्हंजी मी काळी चारमधी वाजवनार आन लोकाला पांढरी तीन ऐकू येनार? ह्यो काय जादूचा खेळ हाय का?”

“वाजवून तर बघा.”

त्यांनी नखी मारली आणि लगेच हात उचलला. “हात आधी, आवाज मागनं येतोय.”

मी मशीनला एका वेळी कमी आकडे घ्यायला लावले. आता आवाज हाताबरोबर यायला लागला. तात्यांनी ‘ओंजळ नको गं’ची सुरावट धरली, दोन ओळी वाजवल्या आणि थांबून माझ्याकडं बोट केलं. “ठोका खाल्ला! सुमे, तुजं मशीन ठोका खातंय. मी दोन मारले, एकच वाजला.”

खरं होतं. आवाज खाली आणायचा तर वाचणारा हात सावकाश चालतो, लिहिणारा लांब जातो, आणि मधूनमधून पुढं उडी मारून त्याला गाठावं लागतं. उडीत जे मध्ये राहिलं ते गेलं. आत्याच्या लांबलचक सुरात असं थोडं गळलं तर कळलं नसतं, पण बेंजो म्हणजे ठोक्यांचा खेळ. नेमका ठोकाच खड्ड्यात पडत होता.

तात्यांनी बेंजोवर फडकं टाकलं. “जमनार न्हाई. राहू दे, तुजं शिक्षन पुरं कर.”

“पुढच्या रविवारी येते.”

“कशाला येतीस, पोरी?”

“ठोका आणायला.”

त्या आठवड्यात मी मशीनला ठोका ओळखायला शिकवलं. तार छेडली की आवाज एकदम उसळतो आणि मग हळूहळू विरत जातो. उडी मारायची ती विरतानाच, दोन ठोक्यांच्या मधल्या शेपटीत. उसळी दिसली की जागचं हलायचं नाही, ती पूर्ण वाजू द्यायची. लिहायला पाऊण पान, जमायला सहा दिवस, आणि त्यातले निम्मे दिवस मी चुकीच्या जागी चूक शोधत होते. पण पुढच्या रविवारी तात्यांनी मुद्दाम भराभर, नखी दिसू नये इतक्या वेगानं वाजवलं, आणि एकही ठोका पडला नाही. ते वाजवत राहिले. मग नखी खाली ठेवली.

“आवाज जाड झालाय,” ते म्हणाले. “म्हशीवानी.”

“माज्यासारखाच की मग,” आत्या दारातून म्हणाली. ती कधी येऊन उभी राहिली होती कुणाला कळलं नव्हतं. ढोलकीवाल्यानं कुणी न सांगता हातोडीनं ढोलकी उतरवायला घेतली. तात्यांनी त्याच्याकडं बघितलं, आत्याकडं बघितलं, आणि म्हणाले, “एकच गानं. जयंतीला. एकच.”

जयंतीच्या संध्याकाळी मिरवणूक संपून लोक मांडवात बसले. निळे झेंडे, खाली सतरंज्या, कडेनं पाण्याचे पिंप. स्टेजच्या कोपऱ्यात माझा उघडा कॉम्प्युटर, त्यावर धूळ बसू नये म्हणून आईची साडी. प्रल्हादची चार गाणी झाली, टाळ्या पडल्या. मग तो स्वतः उठून मागं गेला आणि आत्या पुढं येऊन बसली. मांडवात कुजबूज झाली. गेल्या वर्षीचं सगळ्यांना आठवत होतं. मी बेंजोची वायर ॲम्प्लिफायरमधून काढून कॉम्प्युटरला जोडली.

बेंजो सुरू झाला. नवखा, रुंद आवाज. आत्यानं त्यावर आपला सूर ठेवला तो सहज, घरात ठेवतो तसा. काच नव्हती आता. तापलेल्या मातीसारखं काहीतरी होतं. ती एकेक शब्द ठाम ठेवत गेली आणि ‘हंडा’ आला. तिनं तो उचलला. उडी तेवढीच, जोर तोच, पण जमीन तिची.

आणि मग जे झालं त्याची मी कल्पनाही केली नव्हती. कोरस गायला लागला. म्हणजे कोरस दरवर्षीच गायचा, पण काळी चारला त्या बाप्यांची मान ताणलेली असायची, शिरा फुगलेल्या, निम्मे नुसते ओठ हलवायचे. आता सगळ्यांना कंठ फुटला. आणि मांडवात खाली बसलेल्या बायका, ज्यांनी हे गाणं इतकी वर्षं नुसतं ऐकलं होतं, त्या गायला लागल्या. आधी एक-दोघी, पदर तोंडाशी धरून. मग पदर खाली आले. माझी आई गात होती. मी आईला गाताना कधी ऐकलं नव्हतं. गाणं इतकी वर्षं तिच्या हाताच्या चार पट्ट्या वर टांगलेलं होतं.

तात्यांनी एकच गाणं ठरवून दिलं होतं. आत्यानं सहा म्हटली. त्यांनी सहाही वाजवली.

व्हायवाला बाहेरून आलेले परीक्षक सज्जन होते. त्यांनी प्रोग्रॅम उलटासुलटा तपासला, मग चष्मा काढून म्हणाले, “हे करणारं परदेशी यंत्र मिळतं. मग तू नवीन काय केलंस?” आमचे सर शेजारी बसले होते, त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. मी म्हणाले, “सर, मी वाद्य बाईच्या पट्टीला आणलं. त्या यंत्रानं अजून तरी आमच्या गावात ते केलेलं नाही.” ते थोडे हसले आणि त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. मी पास झाले. किती मार्क पडले ते मला खरंच आठवत नाही.

त्याच मे महिन्यात बुद्धपौर्णिमेला पार्टीला मढचं आमंत्रण आलं. जुन्नरच्या पार पश्चिमेला, माळशेजच्या वाटेवर. आमच्याकडच्या उसा-कांद्याच्या सपाटीवरून तिकडं गेलं की डोंगर एकदम अंगावर येतात. आम्ही कॉम्प्युटर पुन्हा गोधडीत घालून नेला. दिवस मावळतीला आला, दोन गाणी झाली, आत्या तिसरं सुरू करणार तेवढ्यात लाइट गेली. जनरेटर नव्हता. माइक गेला, ॲम्प्लिफायर गेला, माझं मशीन गेलं. कंदील आले. लोक बसून राहिले.

मंडळाचा एक माणूस पुढं आला. “बेंजो हातानं वाजवा की राव. बिगर लाइटीचा ऐकू येतोय थोडाफार.”

तात्यांनी बेंजो मांडीवरून उचलून खाली ठेवला. “बिगर मशीनचा ह्यो काळी चारमधी वाजतोय, पावनं. आमच्या पार्टीची पट्टी पांढरी तीन हाय.”

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. ते माझ्याकडं न बघता पानाचा डबा उघडत होते.

“मग बाईंनी जरा वर चढून गावं,” तो माणूस म्हणाला. “माइक न्हाई, मागच्या लोकाला ऐकाया येत न्हाई.”

आत्यानं ढोलकीवाल्याला हातानं थांबवलं. तिनं आवाज वाढवला नाही. त्या जाड, खालच्या आवाजात, अंगणवाडीतल्या पोरांना सांगावं तसं म्हणाली, “मी वर येनार न्हाई, भाऊ. मी हितंच गानार. ज्याला ऐकायचं असंल त्यानं जवळ येऊन बसावं.”

तो माणूस काही बोलणार होता. पण मागच्या रांगेतल्या बायका आधीच उठल्या होत्या. त्यांनी सतरंजीची टोकं धरली आणि बसलेल्या पोरांसकट ती ओढत पुढं आणली.